पोटाचे माप

आपल्या आजीच्या घरात धान्य मोजण्यासाठी किती मापे होती, ते जरा आठवून पाहावे. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अडशेरी, पायली! खळ्यावर पायलीने रास मोजली जाई आणि जात्यावर बसण्यापूर्वी शेराने दळण काढले जाई. १९५८ सालापासून सरकारने दशमान वजने आणली, तरी आमच्या करमाडच्या बाजूला अजून पायली म्हटले की अर्थ कळतो. औत हाकणाऱ्याला किती भाकरी लागतील, शाळेतून येणाऱ्या पोराला किती, बाळंतिणीला किती आणि सासऱ्यांना किती, याचे गणित घरची बाई पाटी-पेन्सिल न घेता करीत आली आहे. घरातील प्रत्येकाच्या पोटाचे माप तिला ठाऊक असते. तिच्या स्वतःच्या पोटाचे माप मात्र तिला कोणी विचारले नाही, आणि तिनेही ते कधी काढले नाही. उरेल ते तिचे माप, हाच रिवाज पडून गेला.

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती असतात, अहवाल असतात, सत्काराचे फोटो असतात. त्यांच्या जोडीला या खेपेस थोडा इतिहास सांगावा असे वाटले. माणसाला खायला किती लागते, हे माप कोणी ठरविले, कसे ठरविले, आणि त्यात बाईच्या वाट्याला काय आले, याचा हा इतिहास आहे. तो दूरदेशीचा नाही. त्यातील बराचसा भाग आपल्या महाराष्ट्रात आणि थोडा तर आपल्या दारातच घडला आहे.

सुरुवात दुष्काळापासून करावी लागते. १८७६ ते १८७८ या सालांत दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि पलीकडचा पुणे-सोलापूरचा मुलूख इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. इंग्रज सरकारने दुष्काळी कामे काढली होती. तेथे दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसाला किती धान्य द्यावे, असा प्रश्न आला. हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना १८७७ च्या जानेवारीत पाहणीसाठी पाठविले. खर्च कमी करावयाचा होता. त्यांनी माप ठरविले ते असे : दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे आजचे सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि वर थोडी रोकड. एवढ्यावर माणूस काम करीत जगू शकेल, असा त्यांचा हिशेब होता. हे माप पुढे 'टेंपल मजुरी' या नावाने ओळखले गेले.

भगिनींनो, हा हिशेब मजुरांना मान्य झाला नाही, ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी, आणि त्यांत बायाही होत्या, एवढ्या मापावर काम करण्याचे नाकारले आणि ते कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, सरकारकडे तक्रारीचे कागद धाडले. तिकडे मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी सांगितले की, श्रम करणाऱ्या देहाला एवढे धान्य पुरत नाही आणि नुसत्या धान्यावर माणूस धड राहत नाही. १८७७ च्या मे महिन्यात मद्रासेत ते माप मागे घ्यावे लागले. तोवर फार माणसे गेली होती. पण अन्नाचे माप तिजोरीकडे पाहून ठरवायचे की देहाकडे पाहून, हा वाद आपल्या देशात असा प्रथम उघडपणे लढला गेला.

पुढे शास्त्र आले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रॉबर्ट मॅकॅरिसन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी दक्षिणेत कुन्नूर येथे आहाराच्या संशोधनाची प्रयोगशाळा सुरू केली. हैदराबादची आजची राष्ट्रीय पोषण संस्था म्हणजे त्याच रोपाचे झाड होय. मॅकॅरिसन यांनी एक मजेदार प्रयोग केला. पांढऱ्या उंदरांचे गट करून प्रत्येक गटाला हिंदुस्थानातील एकेका लोकांचा आहार खाऊ घातला. एकाला शीख आहार, एकाला पठाणी, एकाला मराठा, एकाला गुरखा, एकाला बंगाली, एकाला मद्रासी. मग त्यांची वाढ पाहिली. शीख आहाराचे उंदीर पहिले आले, पठाणी दुसरे आणि आपला मराठा आहार तिसरा. पॉलिश केलेल्या तांदळावर भिस्त असलेला मद्रासी आहार शेवटी राहिला. सबंध दाण्याचे पीठ, दूधदुभते, डाळ आणि भाजी ज्या आहारात होती तो पुढे आला.

तिसरा क्रमांक हा काही वाईट नव्हे. आपल्या भाकरीचा अभिमान धरण्यास त्याने जागा मिळते. मात्र एक गोष्ट विसरू नये. पिंजऱ्यातील नर आणि मादी यांना एकाच भांड्यातून, एकाच वेळी खायला मिळत होते. आपल्या घरांत तसे नव्हते. आहार मराठी असला, तरी त्यातील दूध, डाळ आणि भाजी यांचा वाटा बाईच्या ताटापर्यंत येईतो किती उरत असे, हे प्रयोगशाळेला कळण्याजोगे नव्हते.

मॅकॅरिसन यांच्यानंतर ऑक्रॉइड हे कुन्नूरला आले. त्यांनी १९३७ साली हिंदी अन्नपदार्थांचे पोषणमूल्य सांगणारी पुस्तिका काढली. आपल्या ज्वारीत काय आहे, बाजरीत काय आहे, शेवग्याच्या पाल्यात काय आहे, हे तेव्हापासून आकड्यांनी सांगता येऊ लागले. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ६ ते ८ मिलिग्रॅम लोह असते, ज्वारीत सुमारे ४, आणि पॉलिश केलेल्या तांदळात एकाहूनही कमी. आपली आजी हे आकडे जाणत नव्हती. पण थंडीत बाजरीची भाकरी, तिच्यावर तीळ, सोबत हरभऱ्याचा घोळाणा आणि जवसाची चटणी, हे ती बरोबर जुळवीत होती. पाऊस पडला की बांधावरची तांदुळजा, घोळ आणि पाथरी तिच्या ओट्यात येत होती. अंबाडीची भाजी, हुलग्याचे माडगे, येसराची आमटी, ज्वारीच्या कण्या, हे आपल्या भागाचे खरे वैभव. दुर्दैव एवढेच की, हे वैभव गरिबाचे म्हणून पुढे पुढे लोक त्याला लाजू लागले.

यानंतरची हकीकत ज्यांनी स्वतः भोगली अशा भगिनी अजून आपल्यात आहेत. १९७२ साली पाऊस गेला. त्याच्या आधीची सालेही धड नव्हती. मराठवाड्यातील विहिरी आटल्या, जनावरे विकली गेली आणि घरात दाणा राहिला नाही. सरकारने गावोगाव कामे काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्याची खडी. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. त्यांत बायांचा भरणा फार मोठा होता. पोर झाडाखाली झोळीत टाकून उन्हात हातोडीने खडी फोडणारी बाई हे त्या सालाचे चित्र होय.

कामावर सुकडी मिळे. भाजलेले पीठ, गूळ आणि तेल यांची ती. पुष्कळ घरांत त्या दिवसांत लेकरे तगली ती सुकडीवर. रेशनला लाल ज्वारी आली, तिला सारे 'मिलो' म्हणत. अमेरिकेशी १९५६ सालापासून धान्याचे करार झाले होते. तेव्हापासून परदेशी धान्य आपल्याकडे येत होते, त्यातलाच हा प्रकार. तिची भाकरी नीट थापता येत नसे आणि घशाखाली उतरत नसे, असे म्हाताऱ्या बायका अजून सांगतात. तरी तिच्यावर ते साल निघाले. एवढा मोठा दुष्काळ पडूनही १८७७ सारखी माणसे मेली नाहीत, याची नोंद जगातील अभ्यासकांनी घेतली आहे. त्या अनुभवातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिची कल्पना मांडली, १९७७ साली कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो अमलात आला. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा जो कायदा झाला, त्याचे मूळ येथे आहे. मागेल त्याला काम आणि कामाला दाम, आणि तो दाम बाईच्या स्वतःच्या हातात. ज्या घरात बाईच्या हातात स्वतःची मजुरी येते, त्या घरात लेकरांच्या ताटात काय पडावे यात तिचे मत चालते, हा अनुभव पुष्कळींचा आहे.

याच सुमारास पुण्यात पोटाच्या मापावरून एक मोठा वाद झडत होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दिवसाला २,२५० उष्मांक ज्याला मिळत नाहीत तो गरीब, अशी सीमा त्यांनी धरली. दुसऱ्या बाजूला होते पांडुरंग वासुदेव सुखात्मे. हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख राहिलेले. त्यांचे म्हणणे असे की, एकच आकडा सर्वांना लावता येत नाही. एकाच माणसाचे खाणेही रोज सारखे नसते आणि देह आपला तोल स्वतः सांभाळीत असतो. शिवाय पाणी दूषित असेल आणि पोट वारंवार बिघडत असेल, तर खाल्लेले अंगी लागत नाही, इकडेही त्यांनी लक्ष वेधले.

त्यावर प्रतिवाद झाले. गरिबाचा देह थोड्यावर भागवून घेतो असे म्हटले, तर सरकार हात झाडून मोकळे होईल, अशी भीती काहींनी बोलून दाखविली. ती भीती निराधार नव्हती. टेंपलसाहेबांचा एक पौंड कोण विसरेल? तरी मला दोन्ही पक्षांचे काही काही पटते. पोटाला कमीत कमी एवढे मिळालेच पाहिजे, हे सरकारला सांगताना दांडेकरांचा आकडा हवा. आणि घरात एकमेकींकडे पाहताना सुखात्म्यांचे बोल हवेत. शेजारणीचा देह आपल्यासारखा नसतो. तिला जेवढे पुरते तेवढे आपल्याला पुरेल असे नाही.

१९७५ साली २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या दिवशी, देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिचीच आपली अंगणवाडी. तिच्याबरोबर गावात वजनकाटा आला. पूर्वी काटा होता तो बाजारात, धान्यासाठी आणि कापसासाठी. आता मूल तोलले जाऊ लागले. पुष्कळ घरांत याचे भय होते. मुलाला तोलू नये, दृष्ट लागते, अशी समजूत होती. पण डोळ्यांनी बाळसेदार दिसणारे मूल काट्यावर कमी भरते आणि मागे पडलेले मूल वेळीच ओळखू येते, हे बायांनी पाहिले तेव्हा काटा हळूहळू आपलासा झाला.

त्यापुढचा भाग तर आपल्याच शहरात घडला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मराठवाड्यातील बालमृत्यूंच्या बातम्या गाजल्या. त्या वेळचे औरंगाबादचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी मराठवाड्यातील सारी लेकरे मोजून काढण्याचे काम हाती घेतले. प्रत्येक मुलाचे वजन झाले पाहिजे आणि ते खरे लिहिले गेले पाहिजे, हा आग्रह. कमी वजनाची मुले जास्त सापडली तर गावाची बदनामी होईल, म्हणून आकडे दडविण्याची खोड तोवर सर्वत्र होती. याच कामातून २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले, आणि त्याचे ठाणे मुंबईत न ठेवता औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात ठेवले गेले. गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या सुमारे एक हजार दिवसांवर त्यांनी भर दिला. आईचे खाणे, पहिल्या तासात अंगावरचे दूध, सहा महिने केवळ आईचे दूध आणि मग वरचे मऊ, सकस अन्न. महागडे असे त्यात काही नव्हते. अंगणवाडी आणि आरोग्य खाते यांनी एकत्र बसावे, रिकाम्या जागा भराव्यात आणि खरे आकडे सांगणाऱ्याला शिक्षा होऊ नये, एवढेच.

फळ दिसले. २००५-०६ साली महाराष्ट्रात दोन वर्षांच्या आतील मुलांपैकी शंभरांत सुमारे ३९ मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१२ च्या राज्यव्यापी पाहणीत ती संख्या सुमारे २३ वर आली. देशोदेशीच्या लोकांनी ही गोष्ट वाखाणली. मात्र कौतुक ऐकून थांबू नये. पुढच्या राष्ट्रीय पाहण्यांत, २०१५-१६ आणि २०१९-२१ मध्ये, पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण शंभरांत ३४-३५ वरच राहिले. काम अर्ध्यावर सोडले की असे होते.

आता आपण मोठ्यांच्या वजनाकडे येऊ. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. या स्त्रिया शेतात राबणाऱ्या, आपल्यासारख्याच. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सरासरी साडेतीन किलो. यात नवल नव्हते. नवल पुढे होते. आपली बाळे वजनाने लहान, स्नायूंनी बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखून असलेली निघाली. दिसायला कृश आणि आतून चरबीची. पुढे अशा देहाला भरपूर खाणे आणि थोडे श्रम मिळाले की मधुमेह लवकर गाठतो. आईची उपासमार आणि लेकाचा मधुमेह हे दोन वेगळे रोग नसून एकाच धाग्याची दोन टोके आहेत, असा त्याचा अर्थ.

डॉ. याज्ञिकांनी २००४ साली लँसेट या वैद्यकीय पत्रात स्वतःचा आणि डॉ. जॉन युडकिन या इंग्रज मित्राचा फोटो छापला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण देहातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! काट्यावर दोघे सारखे, आतून निराळे. हा निर्देशांक म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. बेल्जमच्या केटले नावाच्या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात तो काढला, तो लोकसमूहाची सरासरी पाहण्यासाठी. १९७२ साली, आपण इकडे खडी फोडीत होतो त्याच साली, ॲन्सेल कीज यांनी त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे आजचे नाव दिले. आपल्या लोकांसाठी डॉक्टर १८.५ ते २३ ही मर्यादा बरी मानतात. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईला म्हणजे साधारण ४२ ते ५२ किलो. सोबत कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा. हे आकडे माहीत असावेत. पण ते खुणेच्या दगडासारखे आहेत. त्यांनी कोणाची किंमत ठरत नाही.

त्याच अभ्यासात आपल्या कामाची एक गोष्ट सापडली. ज्या गर्भवती हिरव्या पालेभाज्या आणि फळे वरचेवर खात आणि दूध घेत, त्यांची बाळे अधिक वजनाची होती. धान्य जास्त खाल्ल्याने तो फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे बांधावरची तांदुळजा निकामी गवत नव्हती. पुढे असेही दिसून आले की, आपल्याकडे बी-१२ हे जीवनसत्त्व पुष्कळांना कमी पडते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. घरातले दूध डेअरीला, उरलेले लेकराला आणि चहाला, अशी वाटणी झाली की बाईपर्यंत ते येत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीतील महाराष्ट्राचे तीन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. शंभर स्त्रियांत सुमारे २१ प्रमाणाबाहेर कृश. शंभरांत सुमारे २३ प्रमाणाबाहेर जड. आणि शंभरांत ५४ जणींच्या अंगात रक्त कमी. कृश बाईतही रक्त कमी आणि जड बाईतही कमी. तेव्हा 'ती खात्यापित्या घरची' हे नुसते अंगावरून ओळखण्याचे दिवस गेले.

हे असे का झाले, याचे उत्तर आपल्या रस्त्यावरच आहे. जालना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जेथे ज्वारी-बाजरी डोलत असे, तेथे कापूस आणि मका आला. शेंद्र्याला कारखाने आले. पाळीची नोकरी आली, तिच्याबरोबर पगार आला ही चांगलीच गोष्ट. पण सकाळचे जेवण गेले आणि चहा-बिस्किटे आली. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, त्याने उपासमार टळली हे खरे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर शिधापत्रिकेवर घरातील वडील स्त्रीला कुटुंबप्रमुख केले. पण ताटातील भाकरी मागे पडली. २०२३ साल सगळ्या जगाने भरड धान्याचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा शहरातील लोक दाम मोजून जी बाजरी विकत घेऊ लागले, ती आपण गरिबीची खूण म्हणून टाकली होती.

आणि तरीही भूक ही इतिहासजमा झालेली नाही. ८ मे २०२० ची पहाट करमाडकर विसरू शकत नाहीत. टाळेबंदीत जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातील मजूर थकून रुळांवरच झोपले होते. मालगाडीखाली त्यांपैकी १६ जण गेले. रुळांवर त्यांच्या शिदोरीतील भाकऱ्या विखुरलेल्या होत्या. त्या भाकऱ्यांचे फोटो साऱ्या देशाने पाहिले. वाटेला लागलेल्या माणसाने शेवटपर्यंत जपलेली वस्तू ती. वजन कमी करण्याच्या गोष्टी बोलताना अन्नाला शत्रू म्हणण्याची जी नवी रीत आली आहे, ती ऐकली की त्या भाकऱ्या आठवतात. अन्न शत्रू नव्हे. त्याच्याशी आपले नाते बिघडले आहे, ते नीट करावयाचे आहे.

ते बिघडते कोठे, हे आपणच आपल्या घरात पाहू शकतो. सर्वांचे झाल्यावर, निवलेले अन्न, उभ्याने, घाईघाईने खाणे. पोरांनी ताटात टाकलेले 'वाया जाऊ नये' म्हणून स्वतःच्या पोटात घालणे. अन्नाचा मान राखावा, पण त्यासाठी आपले पोट ही उरल्यासुरल्याची टोपली करू नये, वाढतानाच थोडे वाढावे. उपवासाचेही तसेच. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण कोणा परक्याने केलेली नाही. ज्याच्यावाचून आपला उपवास होत नाही तो साबुदाणा तामिळनाडूतील सेलमकडच्या कारखान्यांतून येतो, आणि तो धंदा तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उभा राहिला. म्हणजे आपल्या व्रतांपेक्षा तो फारच पोरवयाचा! त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नाही. भगर, शेंगदाणे, ताक, राजगिरा, फळ यांनी उपवास अधिक चांगला होतो. बाळंतीण, गर्भवती आणि मधुमेही बाई यांनी कडक उपवास करू नये, देव रागावत नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. हळदीकुंकवाला गेलो की पहिले वाक्य निघते, 'अगंबाई, किती सुटलीस!' नाही तर, 'काय गं, सासरी खायला घालत नाहीत का?' दोन्ही वाक्ये प्रेमाने निघतात आणि दोन्ही लागतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली हे ऐकत असतात. मग कोणी लग्न जमेपर्यंत भाकरी सोडते, कोणी रात्रीचे जेवण. वाढत्या वयात हाडे आणि रक्त भरावयाचे असते, त्याच वेळी उपाशी राहिलेली मुलगी पुढे कसल्या बाळाची आई होणार, ते वर सांगितलेच आहे. मुलीला तिच्या अंगावरून बोलू नये. मुलाला पोट भरल्यावर 'आणखी एक घास' म्हणून कोंबू नये. भूक लागली आणि पोट भरले, या दोन खुणा देवाने प्रत्येकाला दिल्या आहेत, त्या बुजवू नयेत. आणि अंगणवाडीतील मुलाचे वजन कमी भरले, तर आईला दोष देऊ नये. काटा आईची परीक्षा घेण्यासाठी आणलेला नाही.

१९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' निघाले, तेव्हा त्यांनी वाटी आणि चमचा ही मापे धरली. म्हणून नव्या सुनेलाही ते पुस्तक वापरता आले. तसेच साधे माप जेवणाला लावावे. दोन्ही वेळा ताटात भाकरी असावी, एक वाटी वरण किंवा उसळ असावी, एक वाटी पालेभाजी असावी, थोडी कोशिंबीर आणि वाटीभर दही किंवा ताक. तेल, साखर आणि चहा हात आखडून. याला पैसा फार लागत नाही. लागते ती एक गोष्ट, आणि तीच कठीण आहे : हे ताट घरच्या बाईसाठीही वाढले गेले पाहिजे, आणि तिने ते इतरांबरोबर बसून खाल्ले पाहिजे. १८७७ साली ज्यांच्या हातात काही नव्हते, त्या मजूर बायांनीही अपुऱ्या मापाला नाही म्हटले. आपल्याला तर आपल्याच घरात, आपल्याच माणसांपाशी बोलावयाचे आहे.

म्हणून मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवते. वर्धापनदिनाच्या जेवणाची पहिली पंगत या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या भगिनींची, अंगणवाडी सेविका-मदतनीस ताईंची आणि आशाताईंची असावी. वाढायला घरोघरच्या पुरुष मंडळींना बोलवावे. ते गडबडतील, वरण सांडेल, आमटी कोणाला दोनदा आणि कोणाला एकदाही नाही असे होईल. होऊ द्यावे. एक पंगत झाली की हात बसतो, आणि मग हीच रीत आठवड्यातून एक दिवस घरी चालू ठेवायला कोणाची हरकत नसावी.